फिरत्या मजल्याची तिसरी फेरी

सन दोन हजार सतरा. फेब्रुवारीची तेवीस तारीख, गुरुवार. थंडी सरत आली होती. पांघरूण नको आणि पंखाही नको, असे दिवस. ही गोष्ट त्या रात्रीची, माझ्या साडूच्या बाबतीत घडलेली. मी भुतंखेतं मानत नाही. आजही मानत नाही. जे झालं ते सांगतो.

सांगायची वेळ आली ती पुतण्यामुळे. त्याचं नवं लग्न. दोघं चार दिवस शहरात मजा करायला निघालेली. रात्री जेवणं उरकून गच्चीत बसलो होतो आणि सूनबाई मोबाइलमधली यादी वाचून दाखवत होती. कुठं कुठं जेवायचं, त्याची. एका ठिकाणी म्हणे मिट्ट काळोखात जेवतात, आपलं ताटही आपल्याला दिसत नाही. दुसऱ्या ठिकाणी टेबल क्रेनला टांगतात आणि माणसं खुर्चीला पट्ट्यानं बांधून हवेत जेवतात. तिसऱ्या ठिकाणी वेटर गिऱ्हाइकाला मुद्दाम वाट्टेल ते बोलतात.

"त्याला पैसे कशाला मोजायचे?" मी म्हणालो. "इथंच या. तुमची काकू फुकटात बोलते."

दोघं हसली. आत भांडं आपटल्याचा आवाज आला.

"आणि शेवटच्या रात्री फिरतं हॉटेल, काका," पुतण्या म्हणाला. "तिसाव्या मजल्यावर. खिडकीजवळचं टेबल सांगून ठेवलंय. जमीन हळूहळू फिरते. तासाभरात बसल्या जागी सगळं शहर दिसतं."

"कुठलं ते?"

त्यानं नाव सांगितलं. मी सरळ होऊन बसलो.

"काय झालं?"

"काही नाही. जा. पण खिडकीच्या कट्ट्यावर काही ठेवू नका."

सूनबाईनं मोबाइल पालथा ठेवला. "का, काका?"

म्हणून सांगितलं.

माझा साडू त्या हॉटेलात फिटर होता. आधी ते यंत्र समजून घ्या. मधोमध लिफ्ट आणि स्वयंपाकघर. ते हलत नाही. बाहेरची काचेची भिंत, तीही हलत नाही. दोन्हींच्या मधली टेबलांची जमीन तेवढी चाकांवर फिरते. खिडकीखालचा कट्टा भिंतीचा, म्हणजे तो जागच्या जागी. नवखी बाई पर्स कट्ट्यावर ठेवते, बोलण्यात रमते, आणि बघते तर पर्स मागच्या चौथ्या टेबलाशी. मग बोंबाबोंब. लोकांनी त्याचाही खेळ केला होता. कागदावर एखादा प्रश्न लिहायचा आणि कट्ट्यावर सोडून द्यायचा. मागून येणारं एकेक टेबल त्याखाली उत्तर लिहिणार. तासाभरानं आपण फिरून तिथं आलो की सगळी उत्तरं वाचायची आणि हसायचं.

साडूचा जोडीदार बारक्या. चाळिशी उलटली होती, पोरगी चौदा वर्षांची होती, तरी बारक्याच. अंगानं काटकुळा, म्हणून जमिनीखालच्या अरुंद कप्प्यात शिरायचं काम त्याचं. त्या कामाला एक नियम आहे. आत जाणाऱ्यानं आपल्या नंबराची लाल पत्र्याची पाटी खटक्यावर अडकवायची. पाटी आहे तोवर खटक्याला हात लावायचा नाही. आणि ज्याची पाटी, त्यानंच ती काढायची. मालक आला तरी दुसऱ्यानं काढायची नाही. मी स्वतः पस्तीस वर्षं लिफ्टच्या दुरुस्तीवर काढली. हा नियम मोडणाऱ्याला मी माणसांत धरत नाही.

कप्प्यात खोल गेलेल्या माणसाचं बोलणं वर ऐकू येत नाही. म्हणून पान्यानं ठोकायचं. एक ठोका म्हणजे चालू कर. दोन म्हणजे बंद कर. तीन म्हणजे मी आत आहे.

बरोबर एक वर्ष आधी, तेवीस फेब्रुवारीलाच, संध्याकाळी जमीन अडकली. बारक्यानं पाटी लावली आणि तो आत उतरायला लागला. त्या दिवशी त्याच्या पोरीचा वाढदिवस. तिचा फोन आला. फोन साडूजवळ होता. "काका, बाबांना सांगा लवकर या. केक कापायचा थांबलाय." साडूनं कप्प्याच्या झाकणातून सांगितलं. बारक्या हसला. "आलोच म्हण." आणि आत सरकला.

मग साडूला मॅनेजरनं खाली बोलावलं. वीस मिनिटं गेली. परत येऊन बघतो तर खुंटीवर बारक्याची पिशवी नाही. एका वेटरनं ती उचलून आत ठेवली होती, ते नंतर कळलं. साडूला वाटलं, पोरीसाठी पळाला घरी, पाटी विसरला. हॉलमध्ये चाळीस माणसांची पार्टी. गाणी कान फुटतील अशी. मॅनेजर डोक्यावर उभा. "फिरत नसेल तर लोक इथं झक मारायला येतात का? चालू कर!"

झाकण उघडून आत डोकवायला दोन मिनिटं लागली असती.

साडूनं पाटी काढली. खटका दाबला.

आतून तीन ठोके आले. त्याला वाटलं, गाण्याचा ठेका.

सूनबाईनं तोंडावर हात धरला.

चौकशी झाली. साडूनं सांगितलं, खटक्यावर पाटी नव्हतीच. पाटी त्यानं त्याच रात्री पुलावरून नदीत टाकली होती. कागदावर आलं, मयताचा निष्काळजीपणा.

"तुम्हाला माहीत होतं, काका?"

"नाही. माहीत असतं तर तो माझा साडू राहिला नसता."

आता त्या गुरुवारचं ऐका. संध्याकाळी सात वाजता बारक्याची बायको हॉटेलच्या मागच्या दाराशी आली. ती वर्षभर येत होती. दर वेळी एकच प्रश्न.

"भावजी, यांनी पाटी लावली नव्हती, हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंत?"

"कितीदा सांगू, वहिनी?"

"पोरगी म्हणते, मी फोन करून घाई केली, म्हणून बाबा पाटी विसरले. मीच मारलं म्हणते. वर्ष झालं, धड जेवत नाही. परवापासून पाणीसुद्धा घेत नाही. डॉक्टर म्हणाले दवाखान्यात आणा, तर दाराची चौकट धरून बसली. दोघांनी ओढली तरी सुटेना." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आज तिचा वाढदिवस आहे, भावजी. काहीही सांगा. खोटं सांगा. पण ती जेवेल असं काहीतरी सांगा."

खरं त्याच्या जिभेवर होतं. त्याला स्वतःची दोन लहान पोरं दिसली. तुरुंग दिसला.

"पाटी नव्हती, वहिनी," तो म्हणाला.

ती गेली. तो तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला. नंतर मला म्हणाला, चालताना ती भिंतीला धरत होती.

रात्री त्याला एक काम होतं. आठवडाभर गिऱ्हाइकं तक्रार करत होती. एका खिडकीजवळ आलं की पायाखाली ठक असा आवाज येतो म्हणे. साडेदहाला हॉटेल बंद झालं. स्वयंपाकी गेले, वेटर गेले, दिवे निम्मे मालवले. अकरा वाजून दहा मिनिटांनी साडूनं जमीन चालू केली. तपासणीसाठी वेग वाढवला, पंधरा मिनिटांत एक फेरी. आणि आवाज ऐकायला खिडकीजवळ खुर्ची घेऊन बसला. एकटाच.

पहिल्या फेरीत कट्ट्यावर एक कागद दिसला. गिऱ्हाइकांचा राहिलेला. वर प्रश्न होता, आज वाढदिवस कोणाचा? खाली उत्तरं. 'आमच्या आजीचा, एक्क्याऐंशी पूर्ण.' 'कुणाचाच नाही, फुकट केकसाठी खोटं सांगितलंय.' कुणीतरी नुसता फुगा काढला होता. साडूनं वाचलं. कागद तिथंच ठेवला. जमीन पुढं सरकली.

थोड्या वेळानं पायाखाली आवाज आला. ठक.

एकच. चाकात काही अडकलं असेल, तो स्वतःशी म्हणाला.

अकरा चाळीस. दुसरी फेरी. कागद पुन्हा समोर आला. आजी. केक. फुगा. आणि त्याखाली एक ओळ. जाड निळ्या पेन्सिलीनं लिहिलेली. पाइपावर खुणा करायला फिटर वापरतात, तसल्या.

'माझ्या मुलीचा.'

साडूनं खिसा चाचपला. त्याची पेन्सिल खिशातच होती. त्यानं मागं बघितलं. टेबलं. उलट्या ठेवलेल्या खुर्च्या. काचेबाहेर शहराचे दिवे. कुणी नाही.

"कोण आहे?"

...

उठून पळावं, असं त्याला वाटलं. पण तो खुर्ची धरून बसून राहिला. कागद मागं गेला. जमीन फिरत राहिली.

अकरा पंचावन्न. तिसरी फेरी.

कट्टा रिकामा. कागद नाही.

मग...

ठक.

ठक.

ठक.

तो धावला. मधल्या भिंतीशी, खटक्याच्या पेटीकडं. दार उघडलं.

खटक्यावर पाटी लटकत होती. लाल. नंबर सतरा. बारक्याची.

आणि खटका बंद होता.

जमीन फिरत होती.

त्यानं पेटीतली मुख्य तारही तोडली. स्वतःच्या हातानं. टेबलं समोरून जातच होती. एक. दुसरं. तिसरं. तो भिंतीला पाठ लावून उभा. आणि खालून पुन्हा... ठक. ठक. ठक.

"बारक्या..." तो म्हणाला. "माझी पोरं लहान आहेत रे..."

टेबलं जात राहिली.

"तुझी पिशवी नव्हती खुंटीवर. मला वाटलं, तू गेलास..."

ठक. ठक. ठक.

"मॅनेजर डोक्यावर होता..."

...

साडू खाली बसला. त्यानं कपाळ फिरत्या जमिनीला लावलं. ती कपाळाखालून सरकत होती.

"पाटी तू लावली होतीस," तो म्हणाला. "मी काढली. तुझे तीन ठोके मला ऐकू आले होते. मी नीट ऐकले नाहीत."

जमीन थांबली.

साडेबारा वाजता माझ्या दाराची कडी वाजली. मी तेव्हा शहरातच राहत होतो, त्याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. दारात साडू. कपाळ सोललेलं. मुठीत पाटी. उंबऱ्यातच त्यानं सगळं सांगितलं, वर्षापूर्वीचं आणि त्या रात्रीचं.

मी आधी त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. मग चपला घातल्या.

"चल."

"आत्ता? दाजी, सकाळी जाऊ. मध्यरात्री कुणाच्या दारात..."

"पोरीनं पाणी सोडलंय आणि तुला सकाळ पाहिजे?"

तो चालायला लागला.

बारक्याच्या घरी वहिनी जाग्याच होत्या. बाहेरच्या खोलीत गादीवर पोरगी पडलेली. गालाची हाडं वर आलेली, डोळे उघडे. आम्हाला बघून तिनं तोंड भिंतीकडं केलं. साडू तिच्यासमोर जमिनीवर बसला. मी दाराशी उभा राहिलो. मध्येच गप्प झाला असता तर मी बोलणार होतो. गरज पडली नाही. त्यानं काही वगळलं नाही. पिशवी, मॅनेजर, गाणी, तीन ठोके, नदी. वहिनी भिंतीला टेकून ऐकत होत्या.

शेवटी त्यानं पाटी गादीवर ठेवली.

पोरीनं ती उचलून दिव्याजवळ धरली. तेव्हा मला दिसलं. पत्र्याच्या कडेला काळं ग्रीस लागलेलं होतं. ओलं. अपघातानंतर त्या यंत्रात काळं ग्रीस बंद झालं होतं. वर्षभर तिथं पांढरं वापरत होते. त्या काळ्यात अंगठ्याचा ठसा होता. मी साडूचा हात ओढून त्याचा अंगठा त्यावर धरून बघितला. बसत नव्हता. ठसा अरुंद होता, काटकुळ्या माणसाचा.

पोरगी बराच वेळ त्या ठशाकडं बघत होती. मग तिनं साडूकडं बघितलं.

"माझ्या फोनमुळं नाही?"

"नाही, बाळा. माझ्यामुळं."

"त्यांनी पाटी लावली होती?"

"लावली होती."

तिनं पाटी उशाशी ठेवली. ठसा वर करून.

"आई," ती म्हणाली, "वाढ मला."

वहिनींनी आधी पाणी दिलं. मग ताट वाढलं. पोरगी सावकाश जेवली. तिचं जेवण होईपर्यंत साडू भिंतीशी उभा होता. ती हात धुऊन आली, तेव्हा आम्ही दोघं निघालो आणि सरळ पोलीस चौकीत गेलो. तिथं त्यानं तेच पुन्हा सांगितलं आणि खाली सही केली.