तळघरातले दिवे

पिरंगुटच्या बाजारात नसीरच्या दुकानी विश्राम वायर घ्यायला गेला, तेव्हा आषाढ निम्मा सरला होता. कारखान्याच्या ऑफिसातून सुटून तो थेट तिकडेच आला होता. पायातले बूट ओले, छत्रीची एक काडी मोडलेली. कॉम्प्युटर टीव्हीला जोडायची वायर हवी, आणि लांब हवी, म्हणाला.

नसीरनं खोक्यातली सगळ्यात लांब वायर काढली, दोन्ही टोकांच्या पिना बोटानं तपासल्या आणि घरात थिएटर काढताय का म्हणून थट्टा केली. विश्रामनं सांगितलं, बायको अंथरुणाला खिळली आहे. तिला टेबलाशी बसवत नाही, आणि पलंगावरून मॉनिटर दिसत नाही. तिला खेळायचं आहे.  नसीरनं वायर गुंडाळून वर प्लॅस्टिकची पिशवी घातली, भिजू नये म्हणून.

सुलक्षणाची फुप्फुसं आकसत चालली होती. वरच्या मजल्यावरची खोली तिला वर्षापूर्वीच सोडावी लागली. जिना चढणं जमेना, म्हणून पलंग खाली हॉलमध्ये आणला. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र दिवसरात्र घुमत असे. समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही होता, दिवाळीच्या बोनसमधून घेतलेला, पण मालिकांचा तिला कंटाळा आला होता. जुईली, त्यांची एकुलती एक मुलगी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं अपूर्वा नावाच्या मैत्रिणीकडून एका खेळाची सीडी आणली होती.

खेळ साधा होता. एक मोठं परदेशी घर, आत मिट्ट काळोख. एक बाई काडेपेटी घेऊन त्यात एकटी शिरते. खोल्याखोल्यांतून फिरायचं, दिवे शोधायचे, एकेक लावत जायचं. सगळे दिवे लागले की पुढचं दार उघडतं आणि ती बाहेर पडते. मारामारी नाही, पळापळ नाही. त्या घरात दुसरं माणूसच नाही. अपूर्वानं तो पूर्ण खेळला होता. शेवटी दार उघडतं, आभाळ दिसतं, बास, एवढंच असल्याचं तिनं सांगितलं होतं.

मॉनिटरवर ती बाई बोटाएवढी दिसायची. टीव्हीवर हातभर झाली. अक्षरं तेवढी फुटायची, धुरकट दिसायची, ती जुईली जवळ जाऊन वाचून दाखवी. बाईचा चेहरा कधी दिसत नसे. खेळणाऱ्याकडे तिची कायम पाठ. हातात धरून खेळायच्या कंट्रोलरची बटणं सुलक्षणा दोन दिवसांत शिकली आणि त्या बाईला घेऊन जिने चढू लागली.

शेजारच्या रत्नाबाई विचारपूस करायला आल्या, तेव्हा ती खेळतच होती. रत्नाबाई बराच वेळ टीव्हीकडे बघत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "ही कंची सिरियल गं? कुणी बोलतच न्हाई."

"हिच्यात सासू नाही, मावशी. म्हणून शांत आहे," सुलक्षणा म्हणाली, आणि हसता हसता तिला एवढी धाप लागली की यंत्राचा काटा वाढवावा लागला.

श्रावण लागेपर्यंत घरातले वरचे सगळे दिवे तिनं लावले. तळघर तेवढं राहिलं. रोज ती त्या बाईला तळघराच्या दाराशी नेऊन उभी करी आणि उद्या जाऊ म्हणे. का, ते तिनं सांगितलं नाही. अशाच एका दुपारी बाई दाराशी उभी असताना सुलक्षणा गेली. कंट्रोलर हातात तसाच. विश्राम चहा घेऊन आला तेव्हा त्याला वाटलं, डोळा लागलाय.

सुतकात टीव्ही लावायचा नव्हता. जुईलीनं खेळ होता तिथं जतन करून कॉम्प्युटर बंद केला आणि टीव्हीवर आईची एक जुनी साडी टाकली. ऑक्सिजनचं यंत्र भाड्याचं होतं, ते परत गेलं. घर एकदम इतकं गप्प झालं की विश्रामला बसवेना. तो उगाच वर जाई, खाली येई, स्वयंपाकघरातला दिवा लावी आणि कशासाठी आलो ते विसरून उभा राही.

दहाव्याला पौडला नदीवर गेले. पिंड ठेवले, माणसं मागं सरली. समोरच्या उंबरावर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. सुलक्षणाचा थोरला भाऊ हैबतराव मुळशीकडच्या गावातला, रांगडा माणूस. त्यानं मोठ्यानं सांगितलं, पोरीचं शिक्षण आमी बघतो, लगीन आमी करतो, दाजींना एकटं पाडत न्हाई. कावळे बसूनच. भटजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करायची तयारी सुरू केली.

"दाजी, तुमी बोला," हैबतराव म्हणाला. "तिचं काय राह्यलं आसंल ते तुमास्नीच ठाव."

विश्राम आठवू लागला. तिनं कधी काही मागितलंच नव्हतं. मग त्याच्या डोळ्यांपुढं ती तळघराच्या दाराशी उभी राहिलेली बाई आली. एवढ्या लोकांत बोलायची लाज वाटली, म्हणून तो पुढं जाऊन वाकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "तुझा खेळ अर्धा राहिलाय ना. तो मी पुरा करतो."

जुईली त्याला चिकटून उभी होती. तिचेही ओठ हलत होते. तेवढ्यात पंखांचा फडफडाट झाला आणि कावळ्यानं चोच मारली.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. विश्राम संध्याकाळी कामावरून आला, टीव्हीवरची साडी काढली आणि पलंगावर तिच्या जागी टेकला. शब्द दिला होता, तो पाळला की सुटणार होती ती. एवढंच त्याला कळत होतं. खेळ लावला. बाई तळघराच्या दाराशी पाठमोरी उभी होती. पण त्या घरात अंधार होता. वरचे सगळे दिवे विझलेले.

त्याला वाटलं, आपलंच काही चुकलं. लावायचं आणि विझवायचं बटण एकच होतं. त्यानं पुन्हा सुरुवात केली. सवय नव्हती, बाई भिंतींना धडकायची, पण आठवडाभरात वरचे थोडे दिवे लागले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर निम्मे विझलेले. पुन्हा लावले. पुन्हा विझले.

आणखी एक गोष्ट होती. जिना चढताना ती बाई मध्येच थांबायची. बटण दाबलेलं असायचं, तरी थांबायची. डावा हात भिंतीला टेकायची, खांदे दोनदा वरखाली व्हायचे, मग पुढची पायरी. त्यानं जुईलीला दाखवलं. ती म्हणाली, "तुमचं बोट सुटत असेल, बाबा." पण म्हणताना तिनं टीव्हीकडे पाहिलं नाही.

बोट सुटत नव्हतं. विश्रामला ते थांबणं ओळखीचं होतं. घरच्या जिन्यावर, अगदी तसंच.

त्याची झोप गेली, जेवण गेलं. कामावर चित्त लागेना. बसमध्ये उभा असला तरी अंगठा हलत राही. जुईलीचंही कॉलेज सुटत चाललं होतं. सकाळी दप्तर घेऊन निघायची आणि तो संध्याकाळी परतला की घरीच असायची. विचारलं तर पाऊस होता म्हणायची.

मग तो तळघरात उतरला. तिथले दिवे लहान होते, भिंतीतल्या कोनाड्यांत बसवलेले. शनिवारी संध्याकाळी त्यानं तळघरातले सगळे दिवे लावले. जिन्यावरचा एक आणि माडीवरचे काही, एवढे राहिले. उद्या संपवू म्हणून त्यानं खेळ जतन केला. उठताना त्याला वास आला. वात नुकतीच विझवल्यावर येतो तसा, तेलकट, जळकट. तो स्वयंपाकघरात गेला, देवापाशी गेला. निरांजन कोरडं होतं. वास हॉलमध्येच होता, टीव्हीजवळ जास्त.

रविवारी दिवसभर मुळशीच्या डोंगरांवरून ढग खाली उतरत होते. चार वाजताच घरातले दिवे लावावे लागले. माडीवरचा, जिन्यावरचा, स्वयंपाकघरातला. विश्रामनं खेळ सुरू केला. खेळातल्या घरात माडीवर काळोख, तळघरातही काळोख. एक दिवा शिल्लक नव्हता.

त्यानं कंट्रोलर पलंगावर ठेवला आणि जुईलीला हाक मारली.

"तू विझवतेस ना?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "खरं सांग. मी रागावत नाही."

जुईली दारात उभी राहिली. 

"बाबा... नदीवर तुम्ही बोललात, तेव्हा मीही बोलले होते."

"काय?"

"आई, जाऊ नकोस म्हटलं. इथंच राहा. आपण खेळू." ती खाली बघत होती. "आणि कावळा तेव्हाच शिवला, बाबा. तुमच्या बोलण्याला नाही शिवला. माझ्या."

 बाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं. जुईली रडत रडत सांगू लागली. तो कामावर गेला की ती खेळ लावून बसे. आई जिन्यात थांबायची तशी ती बाई थांबली, त्या दिवशी ती कॉलेजला गेली नाही, मग जावंसंच वाटेना. दिवे लागले की सगळं संपणार. म्हणून पहिले काही दिवस तिनंच विझवले.

"माडीवरचेच," ती म्हणाली. "तेही आठवड्यापूर्वी सोडलं. तळघरात तर मी गेलेच नाही. मला भीती वाटते तिथं."

"मग कालचे...?"

तिनं मान हलवली. तिला माहीत नव्हतं.

दोघांच्याही मनात एकच आलं. राहा म्हटलं, म्हणून ती राहिली आहे. जायला निघाली की मुलीचा शब्द तिला मागं ओढतो आणि तिचे दिवे तीच विझवते. विश्रामनं जुईलीला पलंगावर शेजारी बसवलं. तिच्या पाठीवर हात ठेवला. सुलक्षणा असती तर तिनं हे सोपं करून सांगितलं असतं. त्याला एवढंच म्हणता आलं, की तूच अडवलंस, तूच सोड.

जुईलीनं टीव्हीकडे पाहिलं. पाठमोरी बाई काळोखात उभी होती.

"आई, तू जा," ती म्हणाली. "मी नीट राहीन. उद्यापासून कॉलेजला जाईन. बाबांना जेवायला लावीन. जा तू."

कंट्रोलर दोघांच्या मध्ये चादरीवर पडला होता. कुणाचाही हात त्याला लागलेला नव्हता. बाईनं काडी ओढली.

ती तळघरात उतरली आणि कोनाड्यातला पहिला दिवा लावला. मग दुसरा. ती कधी नव्हे ती घाईत होती. विश्राम पुढं झुकला. ती पुढचा दिवा लावी, तोवर पाठीमागचा विझे. ती परत फिरे, तो लावी आणि जवळजवळ धावत पुढं जाई.

"बाबा, तीच लावतेय ना?" जुईली कुजबुजली. "मग विझवतंय कोण...?"

त्यानं तिचा हात घट्ट धरला. बाई जिन्याला लागली. मध्यावर थांबली, हात भिंतीला टेकला, खांदे वरखाली झाले. खाली, तिच्या मागं, तळघरातला एक दिवा गेला. विश्रामच्या तोंडून नकळत निघालं, "चल, सुलक्षणा... चल." ती उलटी खाली गेली, तो दिवा लावला आणि या वेळी न थांबता वर आली. माडीवरचे दिवे एकामागून एक लागत गेले. क्षणभर सगळं घर उजळलं. इतकं, की हॉलच्या भिंती पिवळ्या झाल्या.

पुढचं दार उघडलं. बाहेर आभाळ होतं. ती बाहेर पडली, एकदाही मागं न बघता, आणि दार लागलं.

जुईली वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. विश्रामचे डोळे कोरडे होते, पण छातीतली जड धोंड हलल्यासारखी झाली. शब्द पुरा झाला होता. पाऊसही जरा ओसरला असावा. कितीतरी दिवसांनी त्याला भूक लागली आणि आज पिठलं टाकू या, असं त्यानं जुईलीला सांगितलं.

टीव्ही काळा झाला होता. त्यावर इंग्रजीत काहीतरी उमटलं, नेहमीसारखं धुरकट, फुटलेलं. अपूर्वा म्हणाली होती, शेवटी आभाळ दिसतं आणि बास. जुईली डोळे पुसत उठली, जवळ गेली आणि वाचू लागली.

"एक जण घराबाहेर पडला..."

ती थांबली.

"पुढं काय?"

"एक जण अजून आत आहे."

विश्रामनं उठून टीव्हीचं बटण बंद केलं. खाली वाकून भिंतीतली पिनही काढली. काळ्या काचेत हॉल दिसत होता, पलंग, ते दोघं. खोलीत वातीचा वास दाटला होता.

माडीवरचा दिवा विझला. तिथला उजेड जिन्याच्या तोंडाशी पडलेला असे, तो गेला. वीज गेली, असं तो म्हणणार होता, पण डोक्यावरचा पंखा फिरत होता.

मग जिन्यावरचा दिवा विझला.

"बाबा," जुईली म्हणाली, "आई तर गेली..."

स्वयंपाकघरातही अंधार झाला. पंखा फिरतच होता.