झोळीतला भोपळा

डहाणूच्या वाचनालयातली वीज गेली, पंखा थांबला आणि भारतीला खिडकीजवळची कुजबुज ऐकू आली. "लल्लो, लल्लास, लल्लात..." एक तरुण डोळे मिटून पुटपुटत होता. पुस्तकांची कपाटं भारतीच्या ताब्यात होती, आणि इथली शिस्तही.

"जप करायचा तर देवळात करा," ती म्हणाली.

तो दचकला. "जप नाही... लॅटिन क्रियापद आहे. फार क्वचित सापडतं."

"आणि सापडलं तर त्याचं करायचं काय?"

"अंगाई गायची." तो हसला. "लल्लो म्हणजे मी अंगाई गातो. आई बाळाला ला-ला करते ना, त्या आवाजातूनच शब्द आला म्हणतात."

हा वेवजी गावचा दीपेश. शाळेत इंग्रजी शिकवायचा आणि जीव मात्र लॅटिनवर. पुण्याच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी त्याला या एका क्रियापदावर निबंध पाठवायचा होता — अर्थ, उगम, सगळी रूपं, आणि जोडीला गावाकडची एक अंगाई. तिथेच घोडं अडलं होतं.

"माझ्या रूपीआत्याला अंगाया येतात," भारती बोलून गेली.

रविवारी तो कैनाडला आत्याच्या घरी आला. हात हलल्याशिवाय आत्याला गाणं आठवेना, म्हणून तिने वाशाला लुगड्याची झोळी बांधली. दीपेशने उत्साहाने झोका दिला मात्र, आत्याने त्याचा हातच धरला.

"रिकामी झोळी हलवतात का कधी? वेवजीला पोरं झोळीत निजत नाय वाटतं?"

दीपेशचे कान लाल झाले. पुस्तकं वाचता वाचता एवढी साधी गोष्ट तो विसरला होता. घरात तान्हं कुणी नव्हतं. भारती पडवीत गेली आणि एक भोपळा आणून तिने अलगद झोळीत ठेवला.

"घे आत्या. गुणी आहे, रडत नाही."

आत्या गाऊ लागली. दीपेशने मोबाइल पुढे धरला होता, पण बघत होता भारतीकडे... आणि तिनेही नजर वळवली नाही.

"पुढच्या खेपेला भोपळा नको हां," आत्या झोका देत म्हणाली.

निबंध वाचनालयाच्या कॉम्प्युटरवरून पाठवायचा ठरला. शेवटचं बटण दाबताना भारतीचं बोट थबकलं. निवड झाली तर हा जाणार. त्याच्यावर तिचा जीव जडला होता, हे तिला पुरतं कळलं होतं. तिने बटण दाबलं.

महिन्याने तो वाचनालयात आला. "निवड झाली. सोमवारी निघायचंय."

"मला माहीत होतं." ती म्हणाली. "आनंद झालाय मला... आणि वाईटही वाटतंय. तू मला आवडतोस, दीपेश. दोन वर्षं थांबेन मी. पण वाचनालयातली कुणीतरी म्हणून नाही थांबणार. जायच्या आधी घरी माझं नाव सांग."

त्याने दाराकडे बघत कपाळ पुसलं. "सांगितलंय."

"मग?"

"आई बाहेर रिक्षात बसलीय. तिला तुमच्या घरी जायचंय... पण मी म्हटलं, आधी तुला विचारतो."

"एवढ्या उन्हात? कधीपासून?"

"अर्धा तास झाला... माझी हिंमतच होत नव्हती."

भारतीने कपाटाला कुलूप लावलं, गार पाण्याची बाटली उचलली आणि त्याच्या आधी रिक्षाकडे निघाली.