उष्मारोपण

त्या काळी उत्तरेकडच्या बर्फाळ बंदरांवर कामाला जायचं, तर व्हिसाच्या आधी थंडी सोसेल असं अंग बदलून घ्यावं लागे. चारुलता खैरनारने ते घेतलं होतं. जळगावची ही वेल्डर परदेशी निघायला तीन आठवडे उरले असताना तिकडचं सरकार बदललं आणि सगळे परवाने रद्द झाले. अंग मात्र बदललेलंच राहिलं.

एप्रिल लागला, तशी ती न्हाणीघरात ओल्या फरशीवर पडून राहू लागली. वडील दाराबाहेर बसून बर्फाच्या लाद्या फोडून आत सरकवत.

"हे उलटं फिरवता येईल ना?" तिने डॉ. फरहाना काझींना विचारलं. उष्मारोपण त्यांनीच केलं होतं.

"नाही. चारुलता, आपल्या अंगातली साधी चरबी नुसती साठा करते. तान्ह्या बाळांच्या पाठीत असते तपकिरी चरबी. ती जळत राहते आणि बाळाला ऊब देते. आम्ही तुझी साधी चरबी तपकिरी केली. विरजण लागलेल्या दुधाचं परत दूध होत नाही, तसंच हे."

"म्हणजे ही शेगडी जन्मभर पेटलेली?"

"हो," डॉक्टर खाली मान घालून म्हणाल्या.

 तिसऱ्या दिवशी तिने वेल्डिंगची पेटी बाहेर काढली.

"माय, कुठं निघालीस या उन्हात?" वडिलांनी विचारलं.

"जिथं ऊन नाही तिथं, अण्णा."

एमआयडीसीत लसींचं एक शीतगृह होतं, उणे पंचवीस अंशांचं. तिथं पाइप दुरुस्त करणारी माणसं जाड कपडे घालूनही वीस मिनिटांत बाहेर पळत. व्यवस्थापक नाफडे तिला पाहून हसले. तिने साधा शर्ट आणि हातमोजे घातले आणि आत गेली. अडीच तासांनी बाहेर आली, ती चहा मागतच. चार महिने गळणारे तीन सांधे तिने बुजवले होते.

मे महिन्यात मुख्य नळी तडकली. दुरुस्तीसाठी गारवा बंद करून खोली रिकामी करायची, तर खानदेशातल्या सगळ्या बालकांच्या लसी वाया जाणार होत्या. चारुलताने शेजारच्या लहान नळीवर थंडावा टिकवत सलग सात तास आतच काम केलं. एकाही कुपीतली लस वितळली नाही. नाफडेंनी तिच्यासमोर हात जोडले.

मग तिने आपल्यासारखेच अडकून पडलेले अकरा जण शोधून काढले आणि दुरुस्तीचं पथक उभं केलं. उन्हाळ्यात त्यांची कुटुंबं दुपारी शीतगृहाच्या बाहेरच्या गार खोलीत जमत. अण्णा स्वेटर घालून येत आणि लेकीशेजारी बसून पेपर वाचत. राज्यभरातून बोलावणी येऊ लागली.

तीन वर्षांनी, ऐन वैशाखात, यावलची रेश्मा तडवी शीतगृहाच्या दारात उभी राहिली. चेहरा लालबुंद, श्वास चढलेला. हिचंही अंग बदललेलं आहे, हे चारुलताने ओळखलं.

"तू कुठल्या बंदरावर जाणार होतीस गं?"

"कुठंच नाही, ताई. शीतगृहांच्या भरतीत आता उष्मारोपणाची अटच आहे. गेल्या महिन्यात करून घेतलं."

चारुलताच्या हातातला पाना तसाच राहिला. "हे परत फिरत नाही. सांगितलं होतं कुणी?"

"सांगितलं की." रेश्मा हसली. "पण भरतीवाले म्हणाले, ताईंकडे बघा. त्यांचं काय वाईट झालं?"

 पोरीला भोवळ येत होती. चारुलताने तिला दंडाला धरून आत, थंडीत नेलं.