पाठीवरची पट्टी

"माझ्या भावाला सुनेनं मारायला घेतलंय. तुमी फक्त कसं ते सांगा."

कृष्णाबाईंनी खुर्चीत टेकायच्या आधीच निकाल देऊन टाकला. मागे उभा असलेला त्यांचा भाचा शैलेश घरत चपला काढाव्यात की नाही, या विचारात दारातच घुटमळला.

शोभा कर्णिक यांचे कार्यालय पनवेलच्या टपाल नाक्याजवळ, भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत होते. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्तीनंतर तेच काम त्या खासगीत करू लागल्या. सोबतीला शेजारचे धनेश पाटकर असत. ते बँकेतून निवृत्त झाले होते, गाडी उत्तम चालवत आणि शंकाही भरपूर घेत. फक्त शंका बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर असे.

"बसा, कृष्णाबाई. पहिल्यापासून सांगा."

सांगितले शैलेशने. त्याच्या वडिलांना, दयारामना, हाडांचा कर्करोग होता. पाठीच्या वेदना गोळ्यांना दाद देईनात, म्हणून मुंबईच्या वेदना-तज्ज्ञ डॉक्टरांनी फेंटानिलची पट्टी दिली होती. ती कातडीवर चिकटवायची आणि तिसऱ्या दिवशी बदलायची. महिनाभर बाबा सुखात होते. मग या शुक्रवारी संध्याकाळी ते उठेचनात. श्वास अडखळत होता. रुग्णालयात इंजेक्शन देऊन त्यांना जागे केले. डॉक्टर म्हणाले, औषध फार जास्त झालेय.

"पट्ट्या कोण लावतं?"

"मनिषा. माझी बायको. दुसरं कोणी हात लावत नाही." शैलेशने मान खाली घातली. "आज संध्याकाळी बाबांना घरी सोडणार आहेत. त्याच्या आत मनिषाला उरणला, माहेरी पाठवतोय. चौकीत तक्रारही देणार. बाबांचं आत्याच बघेल."

"मी सख्खी भयीण हाय," कृष्णाबाई म्हणाल्या. "आमच्या आयशीमागं मीच वाडवला त्याला. ही उरणची पोर काय बगनार? ऐका तिचे गुन. पट्ट्या कपाटात कुलपात, किल्ली कमरेला. का? आमी चोर? त्याच्या पाठीवरचे केस कातरीनं कापले, जित्या मानसाचे! अंगाला साबण लावू देत नाय. नात आज्याच्या कुशीत निजायची, तिला उचलून दुसऱ्या खोलीत नेली. जुनी पट्टी दुमडून लपवते. थंडीचे दिवस, तर घरातली शेकायची रबरी पिशवी माळ्यावर टाकली. आनी शुक्रवारी काय केलान? पोरीला नाचाच्या क्लासातनं घेऊन आली, त्याला बगितलान आनी पयले पाठीवरची पट्टी ओरबाडून काढली. मंग फोन केलान. पुरावा नाय तो?"

धनेशरावांनी शोभाताईंकडे अर्थपूर्ण पाहिले.

"दुपारी घरात कोण होतं?"

"मी होते ना. माझ्या डोळ्यांदेखत काय नाय झालं. जे केलान ते तिनं आदीच केलेलं."

दोघे गेल्यावर धनेशराव म्हणाले, "उघड आहे. एकाऐवजी दोन पट्ट्या लावल्या, आणि एक वेळेवर काढली."

"तिला मारायचंच असतं तर तिने दोन्ही काढून टाकल्या असत्या आणि फोन तासाभराने केला असता," शोभाताई म्हणाल्या. "चला, आधी रुग्णालय."

तिथले डॉक्टर कल्पेश तरुण होते आणि घाईत होते. "दोन पट्ट्या नाहीत. मी स्वतः हिशेब लावला. वापरलेल्या पट्ट्या, जिथून मिळतात त्या दवाखान्यात परत द्याव्या लागतात, नव्या तितक्याच मिळतात. एकही कमी-जास्त नाही. शुक्रवारची पट्टी सुनेने दुमडून पाकिटात घालून माझ्याच हातात दिली."

"मग एकाच पट्टीतून जास्त औषध कसं गेलं?"

"तेच कोडं आहे. त्यात तीन दिवसांचा साठा असतो. कातडी तो थेंबाथेंबाने पिते. त्यांना ताप नव्हता, मूत्रपिंडं ठीक आहेत. पट्टीच्या जागी आणि भोवती कातडी लाल होती, ओंजळीएवढी. चिकटपट्टीची ॲलर्जी असावी."

"पट्टी केवढी?"

"आगपेटीएवढी."

दयाराम पलंगावर टेकून बसले होते. खांदे अजून रुंद होते, पण वरचे मांस उतरले होते.

"शुक्रवारी दुपारी कसं वाटत होतं, दयारामभाऊ?"

"लय ग्वाड." म्हातारा हसला. "महिन्यात तशी झोप नाय आली. आयशीच्या कुशीत निजल्यावानी. ऊब, नुसती ऊब."

"कोणी काही दिलं होतं?"

हसू मावळले. "माझ्या घरात मला कोन मारनार नाय, बाई. तुमी चौकशा नका करू." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"कोणाला तरी पाठीशी घालताहेत," बाहेर येताच धनेशराव कुजबुजले. "मुलगा?"

शोभाताई गाडीकडे चालू लागल्या.

घरतांचे घर ओवे गावात, खारघरच्या टोकाला होते. वाटेत शोभाताई काचेतून उंच इमारतींकडे बघत राहिल्या. "धनेशराव, लहानपणी वडिलांबरोबर एस.टी.ने उरणला जायचे ना, तेव्हा खाडीकाठाला नुसती मिठागरं. पांढऱ्या ढिगांकडे बघून डोळे दिपायचे. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन ओळीने चालायच्या. या घरतांचंही आगर होतं. आता त्याच्यावर पार्किंग आहे."

"आणि उरलेल्या जमिनीवर दयारामभाऊंच्या पुतण्याचा डोळा," धनेशराव म्हणाले. त्यांनी फोनवर चौकशी केली होती. "विश्वजीत घरत, बिल्डर. काकांची सही हवी होती. शुक्रवारी दुपारी घरी जाऊन आलाय!"

विश्वजीत अंगणातच भेटला. गळ्यात साखळी, हातात दोन फोन.

"सही मागायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोलू? पण आतेने दारातूनच हाकललं. 'निजलाय, उठवू नको.' काका घोरत होते, ते पण जरा विचित्र. एक घोरणं झालं की बराच वेळ काहीच नाही. खोलीत गरम वास होता. आपली इस्त्री चालू असते ना, तसा. झालं, मी निघालो."

"काका गेले तर सही कोण करणार?"

"शैलेश. आणि तो तर काकांहून हट्टी आहे! मला काका जिवंतच परवडतात, मॅडम."

धनेशरावांनी निराश होऊन त्याच्यावरची शंका काढून घेतली.

मनिषा स्वयंपाकघरात भाकऱ्या करत होती. कोपऱ्यात अर्धी भरलेली बॅग होती. आईचा पदर धरून सहा वर्षांची मनस्वी उभी होती.

"पट्टी ओरबाडून का काढलीत?" धनेशरावांनी एकदम विचारले.

"तसं सांगितलं होतं."

"कुणी?"

"ज्यांनी पट्टी दिली त्यांनी."

"पिशवी माळ्यावर का टाकलीत?"

"तेही सांगितलं होतं." तिचा आवाज सपाट होता. "बाबांना शेक नको, एवढंच म्हणाले. का, ते मी विचारलं नाही. घरात सगळ्यांना सांगितलं. कुणी ऐकलं ते मला माहीत नाही. मी काही बोलले की इथे त्याचा दुसराच अर्थ लागतो. आज जातेय मी. विचारा काय विचारायचं ते." भाकरी उलटायला गेली तर ती तव्याला चिकटून फाटली. मनिषाच्या डोळ्यांत पाणी आले. "हा तवासुद्धा! शुक्रवारपासून एक भाकरी धड सुटत नाही. घासून घासून थकले, पांढरे डाग जात नाहीत."

शोभाताईंनी तव्यावरून नजर फिरवली आणि विचारले, "दयारामभाऊंची खोली बघू?"

खोली नीटनेटकी होती. शोभाताईंनी गादी उचलली. भिंतीकडच्या फटीत पांढरे, खरखरीत कण सांडलेले होते, जरा दमट.

"पावडर!" धनेशराव दचकले. "हात लावू नका!"

शोभाताईंनी चिमूटभर कण रुमालात बांधले. मग व्हरांड्यात जाऊन वेदना-तज्ज्ञ डॉक्टरांना फोन लावला. बोलणे फार झाले नाही. परत आल्या तेव्हा चेहरा उतरला होता.

"धनेशराव, मनिषा आज माहेरी गेली, तर आठवड्याच्या आत दयारामभाऊ जिवंत राहणार नाहीत."

"म्हणजे तिचा साथीदार घरात आहे?"

"त्याहून वाईट. त्यांच्यावर जीव ओवाळून टाकणारं माणूस आहे."

संध्याकाळी दयारामना घरी आणले. खोलीत सगळे जमले. मनिषा दाराशी उभी राहिली, आत आली नाही. शैलेश तिच्याकडे बघत नव्हता.

शोभाताई खुर्चीवर बसता बसता कळवळल्या. "आई गं! दिवसभर गाडीत बसून कंबर धरलीय. कृष्णाबाई, तुमच्याकडे काही घरगुती उपाय?"

"त्यात काय! बसा गुमान, आत्ता आनते." कृष्णाबाईंचा चेहरा उजळला. त्या लगबगीने आत गेल्या. थोड्या वेळाने दोन्ही हातांत धरून एक पुरचुंडी घेऊन आल्या. जुन्या लुगड्याचे फडके, त्यात गरम काहीतरी बांधलेले. खोलीत इस्त्रीसारखा वास पसरला.

विश्वजीतने चमकून मान वर केली.

"काय आहे यात?"

"खडेमीठ. तव्यावर कडक तापवायचं आनी बांदायचं. आगरावर दिवसभर टोपल्या वाहिल्यावर आमच्या बायांना दुसरं औशद काय होतं? रबरी पिशवी कालची. मीठ ऊब धरून ठेवतं."

"शुक्रवारी भावालाही दिलीत?"

"दिली की! म्हनाला, बाय, पाठ आखडली. पट्टीची एक कड पन सुटलेली. बरोबर तिच्यावर धरली. आमच्या वेळी डाक्टर पाठदुखीला बेलाडोनाचं प्लास्टर द्यायचा, ते शेकल्याबिगर धरायचंच नाय. ही पन बसली मस्त. आनी कसा निजला! लेकरावानी." कृष्णाबाई थांबल्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते. "काय झालं?"

शोभाताईंनी पुरचुंडी त्यांच्या हातून घेऊन जमिनीवर ठेवली.

"कृष्णाबाई, बेलाडोनाचं प्लास्टर माझ्या आजीलाही शेकून लावलेलं मी पाहिलंय. तुम्ही केलंत ते जुन्या पट्टीला बरोबर होतं. ही पट्टी वेगळी आहे. हिच्यात तीन दिवसांचं जबर औषध साठवलेलं असतं आणि कातडी ते थेंबाथेंबाने घेते. वरून शेक दिला की औषध भराभर सुटतं, कातडीखालचं रक्तही जोरात धावतं, आणि पुष्कळसं औषध एकदम अंगात जातं. मग झोप येते. गाढ झोप. श्वास घ्यायचंही विसरायला लावणारी. मी त्यांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, शेक, गरम पिशवी, ऊन, काहीही त्या पट्टीवर नको."

कृष्णाबाई भावाच्या पलंगाशी खाली बसल्या.

"पट्ट्यांचा हिशेब बरोबर होता. म्हणजे औषध वाढलं ते त्याच एका पट्टीतून. पट्टी आगपेटीएवढी आणि लाल डाग ओंजळीएवढा; म्हणजे तो पट्टीचा नव्हता, पुरचुंडीचा होता. गादीच्या फटीत मीठ होतं, तव्यावर मिठाचे डाग होते. विश्वजीतला वास आला तो तापलेल्या फडक्याचा. आणि दयारामभाऊंना ऊब आठवत होती. फक्त ती कुणी दिली ते त्यांना सांगायचं नव्हतं, सुनेने शेक बंद केलाय हे माहीत होतं म्हणून. हो ना?"

दयाराम पुटपुटले, "बायला बोलनी बसली असती. शेकानं असं होतं ते मला काय ठावं."

"आणि बोलणी सुनेला बसली तर चालत होती?"

म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे फिरवले.

शोभाताई शैलेशकडे वळल्या. "आता तुमच्या बायकोचे गुन्हे. कुलूप कशाला? घरात सहा वर्षांची पोर आहे, ही पट्टी तिच्या अंगाला लागली तर ती जगणार नाही. त्याचसाठी मुलीला आजोबांच्या कुशीतून हलवलं, त्याचसाठी जुनी पट्टी दुमडून परत दिली. वापरलेल्या पट्टीतही औषध उरतं. केस कातरीने कापले, कारण वस्तऱ्याने कातडी सोलवटते आणि औषध जास्त शिरतं. साबणानेही कातडीवर परिणाम होतो, म्हणून नुसतं पाणी. पिशवी माळ्यावर टाकली, ते आता कळलंच. आणि शुक्रवारी पट्टी आधी काढली. ती काढायला उशीर केला असता, तर इंजेक्शन द्यायला वडील उरले नसते. या घरात एकाच माणसाने सगळं जसं सांगितलं तसं केलं, आणि तुम्ही तिचीच बॅग भरायला लावलीत."

"मला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं नाही. तुम्हाला सांगण्यात आलं, आणि तुम्ही तिला एकदाही विचारलं नाहीत."

कृष्णाबाई भावाच्या पलंगाला टेकून बसल्या होत्या. "मीच मारत होते त्याला," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आनी उद्या परत दिला असता शेक. परवा पन."

दयाराम कण्हू लागले. शुक्रवारपासून पट्टी नव्हती, आणि रुग्णालयात दुपारी दिलेल्या इंजेक्शनचा असर ओसरत चालला होता.

मनिषा आत आली. तिने कमरेची किल्ली काढली, कपाट उघडले, डॉक्टरांना फोन लावून आज रात्री नवी पट्टी लावायची ना, हे पुन्हा विचारून घेतले. मग हात धुतले आणि सासऱ्यांचा सदरा उतरवला.

"आत्या, इकडे या. यांना जरा पुढे धरा. या वेळी उजव्या खांद्यावर. दर वेळी तीच जागा नाही वापरायची."

कृष्णाबाईंनी भावाला धरले. मनिषाने पट्टी लावली आणि वर तळहात दाबून धरला.

"आदी मला शिकव सगळं," कृष्णाबाई म्हणाल्या. "काय करायचं ते नंतर. काय नाय करायचं ते आदी."

शैलेश पुढे झाला. "मनिषा, मी ती बॅग..."

"राहू दे तिथेच." तिने सासऱ्यांच्या खांद्यावरचा हात काढला नाही. "बाबांना आराम पडेपर्यंत मी आहे. तुमच्याशी बोलायचं आहे, ते त्यानंतर."