प्रिंटरजवळची रिकामी खुर्ची

शेवटी दोघांचं जमलं. हे वाक्य खोडलं आहे असं समजा. कारण त्या सोमवारी ठिणगीला प्रेम वगैरे नको होतं, तिला तिची खिडकी हवी होती.

ठिणगी हे तिचं ऑफिसातलं नाव, आणि ठेवणारे सौम्य लोक होते. प्रोग्रामरांच्या रांगेत टोकाला, प्रिंटरजवळ, एक खुर्ची रिकामी होती. तरी नवा प्रोग्रामर आला तो थेट खिडकीपाशी, तिच्या जागी. ती आणि तिच्यापलीकडचे सगळे बिऱ्हाड उचलून एकेक खुर्ची सरकले. ती एसीच्या तोंडाशी आली.

"टोकाला काय काटे होते?" तिने त्याला विचारलं.

"प्रिंटर होता."

आठवडाभर तिने अबोला धरला. मग दंतवैद्यांचा फोन आला. त्यांच्या पेशंटांची यादी ठिणगीचा प्रोग्राम सांभाळायचा, आणि आज त्याने कवळी न्यायला आलेल्या आजोबांना दात उपटायच्या खुर्चीत पाठवलं होतं. डॉक्टर बराच वेळ दात शोधत होते.

ठिणगीने कोड उघडला. त्या नव्या प्रोग्रामरने तातडीचे पेशंट यादीत पहिल्याच जागी घातले होते. एक पुढे घुसला की बाकी सगळे एकेक घर मागे सरकतात. तिच्या कोडला मात्र जुनी घरंच पाठ होती.

"सगळीकडे घुसायची खोडच आहे का रे तुला?"

"शेवटी टाकलं असतं तर दाढ ठणकणारा माणूस संध्याकाळपर्यंत बसला असता."

"मला सांगायचं होतंस."

"तू बोलत नव्हतीस. आणि तू जागा लक्षात ठेवलीस, माणूस नाही."

हे खरं होतं, म्हणून ती जास्तच भडकली. "मॅनेजरकडे चालले. आजच्या आज तुला दुसऱ्या मजल्यावर पाठवते."

"थांब... टोकाची खुर्चीच मिळाली होती मला. मी ही मागून घेतली. तुझ्या शेजारची."

"ही माझी होती."

"शेजारी यायचं तर कुणाला तरी सरकावंच लागतं."

"कधीपासून हे?"

"मुलाखतीला आलो, तेव्हा तू कॉफीच्या मशीनला झापत होतीस. मशीन – ऐकत होतं."

"इतके दिवस होते, हे बोलणं जरा नीट तयार करून आणायचंस."

"घरी तयार केलं होतं. इथे आणेपर्यंत सांडलं... म्हणून जागेवरच घडवतोय."

तिने एसी वाढवला. तरी कान गरमच होते.

"आधी आजोबांचं नीट कर," ती म्हणाली. "मग बघू."

मॅनेजरकडे ती गेली नाही. अर्ज मात्र गेला:

'महोदय, यापुढे आम्हा दोघांच्या मधे कोणासही बसवण्यात येऊ नये. रांग भरल्यास ती संपूर्ण, खुर्च्यांचा क्रम न बदलता, मोठ्या खोलीत हलवावी. नव्या खोलीत दोन्ही खुर्च्यांना खिडकी असावी. तोपर्यंत माझी खिडकीची खुर्ची मला परत मिळावी व संबंधितास शेजारीच ठेवावे, ही विनंती.'