रोज ऐकतो मी!

संध्याकाळची एस्टी चुकायला नको म्हणून चार नंबरच्या केबिनमधला माणूस असा काही धावत सुटला, की हेडफोन टेबलावर तसाच वाजत राहिला. छत्रीही राहिलीच होती. ती संघप्रियाने मागोमाग जाऊन दारात दिली. "थँक्यू मॅडम!" म्हणताना त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं... आणि पायरीवरून घसरता घसरता वाचला.

संघप्रियाला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं.

दोन हजार चार साल होतं. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत बाळासोंनी सायबर कॅफे काढला होता. काढला त्यांनी, पण त्यांचा सगळा जीव तालमीच्या फुटबॉल टीमवर, त्यामुळे प्लायवूडच्या त्या केबिनींचं राज्य काउंटरवरच्या संघप्रियाकडे. ती मूळची कोडोलीची. वडील गेले त्याला दीड वर्ष झालेलं, थोरला भाऊ प्रसेनजीत नोकरीसाठी सुरतेला, आई मीनाबाई गावी म्हशी आणि शेत सांभाळणारी. पेठेत विठाबाईंच्या घरी तिने भाड्याने खोली घेतली होती. विठाबाईंना ऐकू कमी येई. त्या तिच्याशी दिवसाकाठी दोनच वाक्यं बोलत, 'नळ आलाय' आणि 'नळ गेला'. उरलेल्या दिवसाचं काय करायचं, हे संघप्रियाला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आत येऊन तिने मशीन बंद करण्याआधी सहज हेडफोन कानाला लावला. एक गिटार. तिचा एकच सूर, मग लांबलचक काहीच नाही, मग पुन्हा तोच सूर. मागे वारं घोंघावल्यासारखं काहीतरी. गाणारा आता सुरू करेल, मग करेल, म्हणून ती उभीच राहिली. ढोल चढत गेले, छातीत धडधडायला लागलं, आणि सगळं ओसरून पुन्हा तो एकटा सूर. गाणारा आलाच नाही. तिचे मात्र डोळे भरून आले होते, आणि कशामुळे ते तिला सांगता आलं नसतं.

पडद्यावर 'कानोसा' नावाचा ग्रुप उघडा होता. गाणी ऐकणाऱ्या मराठी लोकांचा अड्डा, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून भांडणारा. कॅनडातल्या कुणा चार पोरांचा हा अल्बम, 'हार्बर विदाउट लॅम्प्स', म्हणजे दिवे नसलेलं बंदर. अख्ख्या अल्बममध्ये शब्द म्हणून नाही. अशा संगीताला पोस्ट-रॉक म्हणतात, हेही तिला तिथेच कळलं. आणि या अल्बमवरून ग्रुपची उभी फाळणी झालेली. पुण्याचे लेलेकाका म्हणत होते, नुसता आलापच चाललाय, बंदिशीचा पत्ता नाही. इचलकरंजीच्या एकाचं म्हणणं, लाइट गेल्यावर आमचे माग असेच बंद पडत जातात, त्यासाठी कॅनडा कशाला? नाशिकच्या एक बाई मात्र सलग तीनदा ऐकून रडल्या होत्या. आणि सगळ्यात खाली, आत्ताच पळालेल्या माणसाने 'बावडा_३३केव्ही' या नावाने लिहिलेलं होतं : "ह्ये संगीत न्हाय, शिक्षा हाय. धा मिनिटांत जीव घाबरा झाला."

संघप्रियाला राग आला. का आला कोण जाणे, पण चांगलाच आला. तिने काउंटरच्या मशीनवर बसून 'कोडोलीकर' असं नाव घेतलं आणि ठोकून दिलं : "पावणं, आधी पुरतं ऐका, मग बोला. मी पुरतं ऐकलंय. परत बी ऐकणार हाय. ऐकत बसलतो तवा वाटलं, आपल्यागत आणि कोणतरी एकटं बसलंय."

आता 'बसलतो' वाचून लेलेकाकांनी लगेच 'मित्रा कोडोलीकर' म्हणून स्वागत केलं. पुण्याच्या माणसाला काय ठाऊक, की कोल्हापूरकडची पोरगीही 'मी जातो, मी येतो' असंच बोलते! ती घरी तशीच बोलायची. काउंटरवर मात्र बाळासोंची सक्त ताकीद होती, गिऱ्हाइकाशी पुस्तकातल्यागत बोलायचं. म्हणून तिथे 'देते, सांगते, बघते'. बावड्याच्या माणसाने तरी ओळखायला हवं होतं. पण त्या भांडणात सगळे बाप्येच तावातावाने उतरलेले, तेव्हा त्यानेही डोकं न चालवता तिला भावा करून टाकलं.

आणि तिने करू दिलं.

त्याचं नाव राजवर्धन पाटील, हे तिला कॅफेच्या रजिस्टरवरून कळलं. वीज मंडळात ज्युनिअर इंजिनिअर, गगनबावड्याच्या सबस्टेशनवर. शनिवारी दुपारी कोल्हापूरला यायचा, चार नंबर मागायचा. "मॅडम, चार नंबर रिकामा हाय काय?" मान खाली, आवाज मऊ. आणि आत जाऊन बसला, की तोच माणूस तिला लिहायचा, "भावा, मेला न्हाईस न्हवं अजून तुझं ते मयताचं बँड ऐकून?"

ती काउंटरवर ओठ दाबून उत्तर द्यायची. "तुझ्यासारख्यास्नी ढोल-ताशाच पायजे. गप बसून काय ऐकाय येतंय का तुला?"

"गप बसूनच तर असतो, भावा. आठवडाभर. पाऊस, धुकं आन् ट्रान्सफॉर्मरची घरघर. तुझा अल्बम माझ्या क्वार्टरवर फुकटात वाजतोय, रोज. म्हणून मला त्यो नको. मला बोलणारं माणूस पायजे."

हे वाचून तिची बोटं थांबली. प्लायवूडच्या पलीकडे, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, त्याने खुर्ची करकरवली. ती उठून जाऊ शकत होती. म्हणू शकत होती, बोला की, बसलीय मी. त्याऐवजी तिने लिहिलं, "मग बोल. मी हाय."

तो बोलायला लागला. अल्बमवरून सुरुवात व्हायची आणि गाडी कुठेही जायची. बावड्याला कपडे वाळत नाहीत, त्यामुळे त्याच्या अंगाला सदा कोंदट वास येतो, अशी त्याची तक्रार होती. (येत नव्हता. आला तर साबणाचा यायचा. संघप्रियाने छत्री देताना घेतला होता.) तिनेही सांगितलं, वडील गेल्यापासून गावच्या घरात शिरलं की कान आपोआप त्यांच्या खोकल्याची वाट बघतात. त्यावर त्याचं आलं : "आता समजलं तुला त्यो अल्बम का आवडतो. तरी मला न्हाय आवडत. पर तुझ्यासाठी परत ऐकतो."

आणि पलीकडे हेडफोनमधून तोच गिटारचा सूर बारीक झिरपू लागला. तिला वाटलं, आता आपल्या काळजाचे ठोके याला ऐकू जाणार.

एका शनिवारी ग्रुपवर त्याने टाकलं, "भावा, लग्नाचं वय झालंय का न्हाय तुझं? एखादी पोरगी बघ. तुझं ऐकून घ्यायला कोणतरी पायजे."

"तूच बघ की आधी."

"बघतोय. सायबरवाल्या मॅडम हायेत हितं. लई गोड हसतात. पर पुस्तकातल्यागत बोलतात, मला भ्याच वाटतंय."

काउंटरवर संघप्रिया इतकी लाल झाली, की आलेल्या गिऱ्हाइकाने पंखा लावू का विचारलं.

आता सांगून टाकायला हवं होतं. पण सांगितलं आणि तो बिथरला तर? इतके महिने फसवलंस म्हणाला तर? भावाशी तो मनमोकळं बोलत होता. मॅडमशी बोलायला त्याला शब्द फुटत नव्हता. आणि भावा गेला, मॅडमही गेल्या, तर तिच्यापाशी उरणार होतं 'नळ आलाय' आणि 'नळ गेला'. तिला त्याची सवय नव्हे, तो हवा होता. म्हणूनच ती गप्प बसली.

फुटलं ते भांडणातच. त्या दिवशी तो केबिनमधून चिडून बाहेर आला आणि धीर करून काउंटरला टेकला. "मॅडम, तुम्हीच सांगा. एक पोरगा हाय कोडोलीचा. दिवे नसलेलं बंदर म्हणून एक भकास अल्बम हाय, त्येची बाजू घेऊन माझ्याशी भांडतोय. मला तर वाटतंय, गड्यानं त्यो पुरता ऐकलाच न्हाय. नुसता भाव खातोय."

"कोण म्हणतं ऐकला न्हाय?" संघप्रिया ताडकन उठली. "रोज ऐकतो मी!"

राजवर्धन तिच्याकडे बघतच राहिला. इतके दिवस 'देते-सांगते' करणाऱ्या बाईच्या तोंडून तो 'ऐकतो' निघाला आणि त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट चढत गेली... कोडोली, वडिलांचा खोकला, आपल्या कपड्यांचा कोंदट वास, आणि शेवटी ते 'लई गोड हसतात'. तिथे पोचल्यावर त्याच्या कानांचे शेंडे लाल झाले. तो काहीतरी पुटपुटला आणि भर पावसात निघून गेला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. संघप्रियाने चार नंबर कुणाला दिला नाही, मशीन बिघडलंय म्हणून सांगितलं. संध्याकाळी खोलीवर जाऊन सीडीवर उतरवून घेतलेला अल्बम प्लेअरवर लावला, तर पहिल्यांदाच तिला तो सोसेना. बावड्याचा माणूस म्हणत होता ते तिला आता कळलं. यात कुणी बोलतच नाही. तुम्ही वाट बघत बसता, आणि कुणीही बोलत नाही. तिने प्लेअरची वायर उपसून टाकली आणि उशीत तोंड खुपसून रडली.

मग एके दिवशी ग्रुपवर त्याचा निरोप उमटला. एवढाच : "पावणं, कसं हायसा?"

लेलेकाकांनी लगेच विचारलं, अहो, मित्राला एकदम पाहुणे का केलंत? संघप्रियाला तो प्रश्न सुरीसारखा लागला. परक्या माणसाला म्हणतात पावणं. रस्ता विचारणाऱ्याला म्हणतात. तिने काही उत्तर लिहिलं नाही.

शनिवारी दुपारी तो आला. दाढी वाढलेली, हातात छत्री, आणि चार नंबर न मागता सरळ काउंटरपाशी. "नांदेडला बदली झाली. सोमवारी हजर व्हायचंय."

"बरं." तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"तुम्ही उत्तर दिलं न्हाईसा."

"पावण्यानं काय उत्तर द्यायचं?" ती उसळली. पुस्तक गेलं खड्ड्यात. "एवढं बोललास माझ्याशी, आन् एका दिवसात परकं केलंस. मी चुकलो. फसवलं तुला, कबूल हाय. पर शिव्या घालायच्या हुत्यास. परकं कशाला केलंस?"

"मग काय म्हणू?" तोही हातघाईवर आला. "भावा म्हणता येईना. मॅडम म्हणून तोंड कडू झालंय. ताई तर मी म्हणणार न्हाय, मेलो तरी! आन् पावणं फकस्त परक्यास्नी म्हणतात व्हय? सोयरीक जुळवायला येतात, त्यास्नी काय म्हणतात तुमच्या कोडोलीत?"

केबिनींमधली टकटक थांबलेली होती. पेठेतले लोक, त्यांना कान देऊन ऐकायला ग्रुप लागत नव्हता.

तिने एक श्वास घेतला. जे सांगायचं ते आता पूर्णच सांगायचं. "माझं नाव संघप्रिया कांबळे. कोडोलीच्या बौद्धवाड्यातली. तू पाटलांचा पोरगा. सोयरीक म्हणालास म्हणून सांगतो."

त्याला उत्तर द्यायला थोडा वेळ लागला. तसला वेळ तिला शाळेपासून ओळखीचा होता. पण या वेळी समोरच्याने नजर खाली घातली नाही.

"आई लई भांडंल," तो हळू म्हणाला. "आबा तर दारात उभं करायचं न्हाईत. खोटं कशाला सांगू? त्येच धरून बसलतो तीन आठवडं. तुझ्यावर रागावलोच नव्हतो... माझ्यात तेवढी धमक हाय का, त्ये बघत हुतो."

"मग? हाय का?"

"रोज न्हाय," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "आज हाय."

तिला हसू आणि रडू एकदमच आलं. उद्याचं तिला काही ठाऊक नव्हतं. नांदेड लांब होतं, त्याची आई त्याहून लांब, आणि मीनाबाईही काही टाळ्या वाजवणार नव्हत्या. पण गप्प राहून काय होतं, ते तिने तीन आठवडे ऐकलं होतं.

"मला तू पायजेस," ती म्हणाली. सगळ्या कॅफेला ऐकू जाईल अशी. "नांदेडला जा न्हायतर कुटं बी जा. पर रोज बोलायचं माझ्याशी. भांड, पर गप बसायचं न्हाय."

आणि बोलणारं माणूस हवं म्हणून महिनोन्‌महिने तक्रार करणाऱ्या राजवर्धनची वाचाच गेली. त्याने तोंड उघडलं, मिटलं. छत्री या हातातून त्या हातात घेतली. काय बोलावं हे सुचेना, तेव्हा अगदी साधं, घरात कुणीही कुणालाही विचारतं ते त्याच्या तोंडून निघालं.

"जेवलीस?"

वडील विचारायचे; कोल्हापुरात तिला हे कुणीच विचारलं नव्हतं. संघप्रिया काउंटरवर डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागली, आणि घाबरून गेलेला राजवर्धन पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला.