गाडी कुठे ओढते

मिस्त्रीला गाडीतली खोट सापडली नाही असं पंचवीस वर्षांत दोनदाच झालं होतं, आणि दोन्ही वेळा खोट मालकात निघाली होती. तिसऱ्यांदा तशी गाडी आणली ती दाजींनी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. नवरा आता नावापुरताच. दोन वर्षांपूर्वी ताई हाताला प्लास्टर बांधून त्या घरातून बाहेर पडली ती पडलीच. ती आता कुठे राहते हे फक्त मिस्त्रीला ठाऊक होतं, आणि ते दाजींना सांगण्यापेक्षा त्याने स्वतःची जीभ पक्कडीने उपटली असती.

"टर्बो तूच बसवलास," दाजींनी किल्ली टेबलावर फेकली. "आता जोर दिला की गाडी बाजूला ओढते. हात तुझा, खोटही तुझीच."

खरं तर "चालते व्हा" म्हणून मोकळं व्हायचं. पण आपल्या कामाला कोणी नावं ठेवली की मिस्त्रीच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. ताई त्या घरात असताना, मेहुण्याची म्हणून, त्याने ही गाडी जीव ओतून बांधली होती. त्याने किल्ली उचलली.

"ताई कशी आहे?" दाजींनी जाता जाता विचारलं.

"गाडी परवा मिळेल," मिस्त्री म्हणाला.

दुखणं तसं नेहमीचं. या गाडीत इंजिनाची सगळी ताकद पुढच्या दोन चाकांकडे, आणि वळायचं कामही त्यांच्याकडेच. टर्बो लावून ताकद वाढवली की दोघांचं पटत नाही. एक जास्त ओढतं, दुसरं जागच्या जागी फिरून रबर जाळतं, आणि स्टिअरिंग हातातून निसटू बघतं. मिस्त्रीने टायरमधली हवा तपासली, बुश दाबून पाहिले, इंजिनाचे माउंटिंग हलवून पाहिले, चाकांना ताकद पोचवणारे दोन्ही अ‍ॅक्सल मापून झाले. अलाइनमेंट केसभरही हललेलं नव्हतं. डावं टायर उजवीकडे घालून पाहिलं. कशाकशात खोट नाही!

गॅरेजच्या मागे बंद पडलेल्या कारखान्याचं काँक्रीटचं पटांगण होतं, परातीसारखं सपाट. तिथे तो चाचणी घ्यायचा. दुसरा गिअर, पाय तळापर्यंत, आणि दोन्ही तळवे स्टिअरिंगपासून बोटभर लांब. गाडी काय म्हणते ते हात सुटल्यावरच कळतं, असं तो म्हणायचा. प्रत्येक फेरी झाली की तिथल्या तिथे कार्डावर जागा आणि दिशा लिहून बाण काढायचा आणि कार्ड वायपरखाली खोचायचं. आपण काय केलं ते मालकाला दिसलं पाहिजे, ही त्याच्या उस्तादाने लावलेली शिस्त. मिस्त्रीने ती कधी मोडली नव्हती.

पाण्याच्या टाकीकडे तोंड करून निघाला तर गाडी डावीकडे ओढली गेली. परत फिरला तर उजवीकडे. म्हणजे एकाच बाजूला, पटांगणाच्या गंजक्या फाटकाकडे. उतार असेल म्हणून त्याने लेव्हल लावून पाहिली. बुडबुडा मधोमध. मग त्याने फाटकाकडेच तोंड केलं. आता ओढ अजिबात नव्हती, पण जरासा पाय लागताच दोन्ही चाकं किंचाळत फिरली आणि जळक्या रबराचा धूर काचेवर आला. फाटकाकडे पाठ केली तर हँडब्रेक लावल्यासारखी गाडी कण्हत, रखडत निघाली.

"नखरे बघा बाईसाहेबांचे," तो मोठ्याने म्हणाला. पटांगणात ऐकायला कोणी नव्हतं, तरी आपण बोललो याची त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुलाखालच्या रिकाम्या रस्त्यावर गेला. तिथेही तेच, फक्त बाजू वेगळी. त्याने तोही बाण काढला, दोन्ही जागा शहराच्या नकाशावर टिंबांनी दाखवल्या आणि पट्टी लावली. रेषा जिथे मिळाल्या ती गल्ली त्याने पट्टी लावायच्या आधीच ओळखली होती. तिथल्या चार मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, ताई दिवसभर शिवणकाम करत बसायची.

त्याने पट्टी उचलून पुन्हा लावली. मग तो स्वतःवरच चिडला. योगायोग! पंचवीस वर्षं पाने-पक्कडी फिरवून हे शिकलास का? त्याने पुन्हा फेरी मारली. या वेळी ओढ भलतीकडेच होती, बाजाराच्या बाजूला. त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने गाडी थांबवून ताईला उगाच फोन केला.

"घरी आहेस ना?"

"नाही रे, बाजारात आलेय, बँकेत. का?"

त्याने स्टिअरिंगवरचा हात काढून घेतला.

"अरे, का? सगळं ठीक ना? बरं, मी निघालेच आता घरी. चालता चालता बोलते."

गाडी उभी होती. गिअर न्यूट्रलला होता. स्टिअरिंगवर त्याचा हात नव्हता. आणि ते सावकाश, कोणी दमाने फिरवावं तसं, उजवीकडे वळू लागलं. खाली टायर डांबरावर घासल्याचा आवाज येत होता. ताई भाजीच्या भावाबद्दल काहीतरी सांगत होती, आणि तिच्या पावलांबरोबर स्टिअरिंग फिरत होतं.

गॅरेजला परतल्यावर त्याने गाडी लिफ्टवर चढवली, दोन्ही अ‍ॅक्सल काढून टेबलावर टाकले आणि बॅटरीही सोडवली. दाजींना सांगायचं, गिअरबॉक्स गेला, महिनाभर लागेल. महिन्याभरात ताईला दुसऱ्या गावी हलवायची. बेत पक्का होता.

दाजी एक दिवस आधीच उगवले. दुपारचे दोन वाजले होते.

"गिअरबॉक्स गेला," मिस्त्री म्हणाला.

दाजींनी मान वर करून लिफ्टवरच्या गाडीकडे पाहिलं. मग हात उंचावून वायपरखालचं कार्ड ओढलं. शिस्तीच्या आयचा घो! हात आपोआप खोचून मोकळा झाला होता.

"हे बाण कसले?"

"ओढ. कुठे कुठल्या बाजूला ते."

"पटांगणातून इकडे. पुलाखालून इकडे." दाजी जमिनीची मोजणी करणारे. त्यांचं बोट कागदावर सरकलं आणि एका जागी थांबलं. त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. मग मोबाइलवर कार्डाचा फोटो काढला, कार्ड जागच्या जागी ठेवलं आणि एक शब्द न बोलता निघून गेले.

मिस्त्रीची पाचावर धारण बसली. दोन रेषा जोडणं म्हणजे या माणसाच्या डाव्या हातचा मळ. त्याने फोन लावला.

"ताई, आत्ताच्या आत्ता घर सोड. इथे ये, माझ्याकडे. रिक्षा कर."

"तो आला होता?"

"तू नीघ आधी!"

ती वीस मिनिटांत पोहोचली. पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. "बरं झालं बोलावलंस," ती धापा टाकत म्हणाली, आणि तिची नजर वर गेली.

"ही इथे कशाला?"

"दुरुस्तीला. काढतोच इथून."

"मग चालू का ठेवलीयस?"

मिस्त्रीने वळून पाहिलं. जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर गाडीची पुढची चाकं फिरत होती. अ‍ॅक्सल टेबलावर पडलेले होते. बॅटरी कोपऱ्यात होती. ताई नकळत टेबलाकडे सरकली, आणि दोन्ही चाकं तिच्या बाजूला वळली.

"मिस्त्री," शटरमधून आवाज आला. "रेषा मला कळल्या होत्या."

ताईने भावाची बाही गच्च धरली.

"पण दोन रेषा कुठेतरी मिळणारच ना रे. गाडीला माणूस कळतो म्हणून मी तिथे धावत जाऊ? वेडा आहे का मी?" दाजी आत आले. "पण तुझं तोंड पाहिलं. म्हटलं, याने विश्वास ठेवलाय. मग गॅरेजसमोर चहा घेत बसलो. तिला तूच आणणार, हे ठरलेलं."

मिस्त्रीने टेबलावरचा मोठा पाना उचलला. "दाजी, मागे व्हा."

दाजी मागे झाले, शटरपर्यंत. त्यांनी ते आतून खाली ओढलं. उजेड कमी कमी होत गेला, वर चाकांची घरघर वाढत गेली, आणि ताई काहीतरी म्हणाली ते ऐकूच आलं नाही.

शटर जमिनीला टेकलं.

दोन्ही चाकं ताईकडे तोंड करून हळूहळू थांबली.